सावरझरीच्या रखमाजीची नात

शाळेत नवा हेडमास्तर आला की हजेरीपट चाळताना एका नावाशी हमखास थांबायचा. सत्यशीला शांतवन योना. "बाई, आडनाव लिहायचं राहिलं वाटतं." ती सांगायची, "हेच आडनाव आहे." मग तो मान डोलवायचा आणि चेहऱ्यावर जे यायचं ते तिला पाठ झालं होतं.

योना हे तिच्या आजोबांचं नाव. संवत छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात जालन्याच्या मिशनमध्ये जी पोरं येऊन पडली त्यांतले ते एक. तिथेच वाढले, सुतारकाम शिकले, मिशनच्याच एका अनाथ मुलीशी त्यांचं लग्न झालं. मुलगा झाला तेव्हा शाळेत आडनाव काय लावायचं हा प्रश्न आला, आणि दुसरं काहीच जवळ नव्हतं म्हणून बापाचं नावच आडनाव झालं. मुलगा म्हणजे शांतवन, सत्यशीलाचे वडील. योना गेले तेव्हा सत्यशीला लहान होती. त्यांनी आपल्या गावाबद्दल उभ्या जन्मात चकार शब्द काढला नाही. फक्त शेवटच्या तापात ते बरळत होते, "दादा, मी चालतो. मला उतरव." शांतवन उशाशी बसलेले होते. आपल्या बापाला कुणी दादा होता हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

शांतवन शिंपीकाम करायचे. मिशन कंपाउंडच्या चाळीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन. बायको गेल्यावर आणि डोळ्यांना सुई दिसेनाशी झाल्यावर ते रिकामे बसू लागले, आणि रिकामपणात तो दादा त्यांच्या मनातून हलेना. "सत्ये, माझा बाप कोणाच्या तरी खांद्यावरून आला. तो माणूस घरी परत गेला असंल ना? त्याला लेकरं झाली असतील. तुझी चुलत माणसं इथंच कुठंतरी असतील, वीस-तीस कोसांत."

सत्यशीलाचं लग्न झालेलं नव्हतं. नगरपालिकेच्या शाळेत ती चौथीचा वर्ग घ्यायची. जालना जिल्हा नवा झाला होता त्या सुमाराची गोष्ट. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांच्या समाधानासाठी ती चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली आणि बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही बघू द्या म्हणाली.

चर्चच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्यातून निघालेली वही कातडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. काही पानं इंग्रजीत, काही मराठीत, जशी लिहिणाऱ्याची सवय. दुष्काळाच्या वर्षाला पोचल्यावर मात्र पानामागून पान एकाच हाताचं होतं. त्या मिशनरीने पवित्र शास्त्रातली नावं ओळीने वाटत नेली होती, आणि नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे योनाच कितीतरी निघाले. सत्यशीलाने मग उलटीकडून सुरुवात केली. लग्नाच्या वहीत आजोबांचं लग्न शोधलं. तिथे नवऱ्याच्या नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख होती. ती तारीख घेऊन ती पुन्हा जुन्या वहीकडे आली आणि बोट ठेवलं.

'योना. पूर्वीचे नाव रखमाजी. वय अदमासे सहा. बाप भुजंग, कुणबी, मयत. आई मयत. राहणार सावरझरी. आणून सोडणारा थोरला भाऊ मच्छिंद्र.'

घरी येऊन तिने हे वाचून दाखवलं. शांतवन म्हणाले, "रखमाजी." जणू बापाला पहिल्यांदा हाक मारून बघत होते.

सावरझरी अंबडच्या पुढे. एसटीने अंबड, तिथून दुसरी गाडी, आणि फाट्यापासून पायी. गावात मच्छिंद्र नावाच्या जुन्या माणसाचं घर विचारल्यावर लोकांनी उगल्यांचा कुंपणाचा वाडगा दाखवला. मच्छिंद्र उगले जाऊन खूप वर्षं झाली होती. त्यांचा नातू काकासाहेब बाहेर बाजेवर बसला होता. पन्नाशीचा, पांढऱ्या टोपीचा, बोलायला मऊ. सत्यशीलाने कागदावर उतरवून आणलेली नोंद वाचली. काकासाहेब ऐकत राहिला. आतून त्याची म्हातारी आई सगुणाबाई उंबऱ्यापाशी आली.

"काय नाव वाचलं म्हनलीस?"

"रखमाजी."

म्हातारी उंबरा ओलांडून पुढे आली. "मामंजी हे नाव घरात कुनाला ठिवू देत नव्हते. माझ्या थोरल्याचं ठिवायचं म्हनलं तर अंगावर धावून आल्ते. त्या नावाचा मानूस जिता हाय म्हनायचे. कोन, ते सांगितलं न्हाई कधी." मग ती शांतवनकडे बघत राहिली. "कान बघ रे काका. मामंजीचेच कान हायेत."

त्या दिवशी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. पंगतीला बसवताना काकासाहेबाची बायको क्षणभर घुटमळली, तर सगुणाबाईनेच ताटं मांडली आणि स्वतः वाढलं. परतताना एसटीत शांतवन खिडकीला टेकून झोपी गेले. एवढं निवांत झोपलेलं सत्यशीलाने त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काकासाहेब जालन्याला घरी आला. सोबत टोपलीभर आंबे. चहा घेतला, शांतवनना "तात्या" म्हणाला, आणि उठता उठता बोलला, "त्या वहीचा उतारा मिळंल का पाळकाच्या सही-शिक्क्याचा? घरात असावा म्हनून. म्हातारीला लई कौतुक वाटून राह्यलं." सत्यशीलाने आनंदाने आणून दिला.

पावसाळा सरला आणि शाळेत कोर्टाचा माणूस आला. वर्ग चालू असताना, पोरांच्या देखत, त्याने तिच्या हाती समन्स दिलं. तसलंच एक शांतवनच्या नावाचं.

प्रकरण काय ते कळायला तिला एका वकिलाकडे जावं लागलं. उगल्यांच्या घरात वाटणीचा दावा आधीपासून चालू होता. काकासाहेबाचा चुलतभाऊ रामकिसन अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. त्याचा बाप लवकर वारला, आणि सगळी जमीन काकासाहेबाच्या ताब्यात राहिली. रामकिसनने आपला निम्मा हिस्सा मागितला होता. दावा निकालाला आला होता, आणि नेमकं तेव्हा काकासाहेबाने तो सही-शिक्क्याचा उतारा कोर्टापुढे ठेवला. मच्छिंद्रला एक भाऊ होता, त्याचे वारस जालन्यात जिवंत आहेत, त्यांना सामील केल्याशिवाय वाटणी होऊच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने सामील केलं. झालं, दावा पुन्हा पहिल्या पायरीवर.

"पण आम्हाला जमीन नकोच आहे," सत्यशीला म्हणाली.

वकील हसला. "बाई, तुम्हाला मिळावी म्हणून नाही आणलेलं तुम्हाला. वेळ जावा म्हणून आणलंय. वेळ जातोय तोवर शेत कुणाच्या हातात आहे?"

ती आणि शांतवन पुन्हा सावरझरीला गेले. या वेळी काकासाहेब बाजेवरून उठला नाही. "तात्या, तुमचं काई बिघडत न्हाई. तारखेला हजर राह्यचं, बोलायचं काईच न्हाई. मी हाय ना." सगुणाबाई दिसली नाही. तब्येत बरी नाही म्हणाले.

मग एका रविवारी रामकिसन त्यांच्या चाळीत आला. कामाचे कपडे, पायांत धुळीच्या चपला. खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला. "तुमच्यावर माझा राग न्हाई. पन माझी लेकरं हायेत. तुम्ही कोर्टात एवढंच म्हना का त्या घराशी आपला काई संबंध न्हाई, ते नाव दुसऱ्या कुनाचं असंल. तुम्ही बी सुटाल, मी बी सुटंन."

सत्यशीलाला ते पटलं होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. शांतवन मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते. "बापाला बाप मिळायला ऐंशी वर्षं गेली," ते म्हणाले. "आता मीच जाऊन सांगू का, की तो त्याचा नव्हं म्हणून? भाऊ, जमीन तुम्ही घ्या. सगळी घ्या. पण हे मला बोलायला लावू नका."

रामकिसन तसाच निघून गेला.

तिथून पुढे तारखा सुरू झाल्या. रजा टाकायची, पहिली एसटी धरायची, अंबडच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसायचं, आणि दुपारी कळायचं की काकासाहेबाच्या वकिलाने पुढची तारीख मागून घेतली. सुरुवातीला शांतवन सोबत असायचे. सगळ्यांत जाच होता तो बसण्याचा. एका पारावर काकासाहेबाची माणसं, दुसऱ्यावर रामकिसनची, आणि मध्ये हे बापलेक. ज्यांना शोधायला निघालो ती सगळी माणसं एकाच आवारात आहेत आणि त्यांतलं कुणी आपल्याकडे बघत नाही, हे तिला जेवणाचा डबा उघडताना फार जाणवायचं.

एकदा तिने धीर केला. हाक झाल्यावर ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मी हक्क सोडते. लिहून देते. मला यातून काढा."

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, सोडायला आधी हक्क असावा लागतो. तुमचा हक्क आहे की नाही हे ठरलेलं नाही, आणि ते ठरवायलाच हा दावा चालू आहे. शिवाय सोडायचा तर कोणाच्या नावे सोडणार? या की त्या?"

या म्हटलं तर ते तुटणार, त्या म्हटलं तर हे. ती खाली बसली.

मग कोर्टाने मूळ वही मागवली. उतारा पुरेसा नव्हता, रामकिसनच्या वकिलाने तो बनावट असल्याचं म्हटलं होतं. पाळकसाहेब स्वतः वही घेऊन गेले आणि ती कागदपत्रांत दाखल झाली, ती निकाल लागेपर्यंत तिथेच राहणार होती. तेव्हापासून कंपाउंडमध्ये सत्यशीलाचं राहणं अवघड झालं. कुणाला वयाच्या पुराव्यासाठी आजीचा बाप्तिस्मा हवा असायचा, कुणाचा पुण्या-मुंबईचा नातेवाईक आपल्या घराण्याची माहिती काढायला यायचा, आणि पाळकसाहेब हात वर करायचे. "वही कोर्टात आहे. सत्यशीलाबाईंना विचारा कधी येते." बायका नळावर तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. "पाटलीणबाई आल्या. यांना आपल्यातलं राहणं कमीपणाचं वाटून राह्यलं." चाळीत महाराची, मांगाची, कोष्ट्याची, सगळ्यांची नातवंडं होती, आणि इतकी वर्षं कोण कुठलं हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. सत्यशीलाला सांगावंसं वाटायचं की मला पाटलीण व्हायचं नव्हतं, वडिलांना एक माणूस हवा होता. पण सांगणार कुणाला.

तिच्यासाठी त्याच सुमारास नगरकडून एक स्थळ आलं. मुलगा दवाखान्यात कामाला, माणसं भली दिसत होती. चहापाणी झाल्यावर मुलाच्या मामाने सहज विचारलं, "जमिनीचा निकाल कधी लागतोय? निम्मा हिस्सा आहे म्हणे." सत्यशीलाने कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. "जमीन मिळणार नाही, आणि मिळाली तरी आम्ही घेणार नाही," असं तिने दारातूनच सांगितलं. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही. तिलाही ते यावं असं फारसं वाटत नव्हतं. मात्र नंतर जी स्थळं आली त्यांतल्या प्रत्येकात तिला तो मामा दिसायचा.

शांतवन नव्वद साली गेले. शेवटपर्यंत ते म्हणत होते, "सावरझरीला कळवा." तिने कळवलं. माती झाल्यावर चौथ्या दिवशी काकासाहेब आला, दारात बसला, डोळ्यांना टोपीचं टोक लावलं. सत्यशीलाला भरून आलं. काही झालं तरी आला, असं वाटलं. जाताना तो म्हणाला, "मृत्यूचा दाखला निघाला का? कोर्टात द्यावा लागतो. वारस म्हनून तुझं एकटीचंच नाव ऱ्हाईल आता." तिने दाखला आणून दिला. दार लावून घेतलं आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, पण बापासाठी की स्वतःसाठी हे तिलाही सांगता आलं नसतं.

आता ती एकटीच एसटीने जायची. बदली मागितली तर दूरच्या गावाहून तारखांना येणं झेपणार नाही म्हणून तिनेच अर्ज मागे घेतला. बंगळूरला एक मैत्रीण बोलावत होती, मिशनच्या वसतिगृहात जागा होती. ती गेली नाही. हजर राहिली नाही तर काय होईल, हे तिने वकिलाला विचारलं होतं. "तुमच्या माघारी ठरेल," तो म्हणाला. म्हणजे आपला आजा त्या घरचा नव्हता, हे आपल्या माघारी ठरेल. तेवढ्यासाठी ती जात राहिली. वडील असताना ती त्यांच्यासाठी जायची. ते गेल्यावर हे ओझं खाली ठेवता येईल असं तिला वाटलं होतं, आणि ते झालं नाही.

साक्षीला मात्र तिला उभं केलं. रामकिसनचा वकील तडफदार होता.

"तुमच्या आजोबांनी हे गाव तुम्हाला स्वतः सांगितलं होतं?"

"नाही."

"उगले हे आडनाव त्या नोंदीत आहे?"

"नाही."

"दुष्काळात शेकडो पोरं आली. सहा वर्षांच्या उपाशी पोराने सांगितलं ते परक्या माणसाने लिहून घेतलं. चुकीचं असू शकतं?"

"असू शकतं. पण सगुणाबाईंना नाव माहीत होतं."

वकील काकासाहेबाकडे वळून हसला. "मग सगुणाबाईंना आणा साक्षीला."

सगुणाबाईंना कधीच आणलं नाही. सत्यशीलाने काकासाहेबाला आवारात गाठून विनवलं. तो म्हणाला, "म्हातारीचं वय झालं. कशाला हालवायची." घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं. नातं सिद्ध झालं तर निम्मी जमीन तिच्या नावे जाऊन उरलेल्यातही रामकिसनचा वाटा निघणार होता. खोटं ठरलं तर दावा संपून निम्मी रामकिसनला द्यावी लागणार होती. त्याला दोन्ही नको होतं. त्याला ती अशीच हवी होती, मधोमध. सगुणाबाई दोन-तीन वर्षांत वारली. सत्यशीलाला ते पुढच्या तारखेला कळलं, तेही काकासाहेबाने केस उतरवलेले दिसले म्हणून.

अठ्ठ्याण्णवला एकदा सुटका अगदी हाताशी आली. काकासाहेबाचे मुलगे कंटाळले होते, रामकिसन निवृत्तीला आला होता. दोन्हीकडच्या वकिलांनी मिळून तडजोडीचा कागद केला. पाळकसाहेबही मुद्दाम आले होते, वही परत मिळेल म्हणून. सत्यशीलापुढे कागद आला. तिने सवयीने पहिल्यापासून वाचला. शेवटून दुसऱ्या कलमात लिहिलं होतं, 'प्रतिवादी सत्यशीला हिचा सदर कुटुंबाशी रक्ताचा अगर अन्य कोणताही संबंध नाही व नव्हता, हे तिला कबूल आहे.'

"हे एवढं काढा," ती म्हणाली. "संबंध आहे, जमिनीवर हक्क सांगत नाही, असं लिहा. लगेच सही करते."

"तसं लिहिलं तर उद्या तुमचं मन फिरेल," एक वकील म्हणाला. "सगळे थांबलेत, बाई."

खरंच सगळे थांबले होते. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "सत्यशीला, कागदच आहे. देवाला खरं माहीत आहे." तिने पेन उघडलं होतं. वळून पाहिलं तर रामकिसन भिंतीला टेकून उभा होता, केस पांढरे झालेले, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की त्याच्यासाठी तरी सही करावी असं तिला वाटलं. हात मात्र पुढे गेला नाही. "नाही जमत मला," ती म्हणाली.

काकासाहेबाने लगेच टोपी डोक्यावर चढवली. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाला. एवढ्यावर तडजोड मोडली. परतीच्या गाडीत पाळकसाहेब तिच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर कित्येक महिने ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत होती.

निकाल दोन हजार एकमध्ये लागला. तोवर काकासाहेबाच्या वकिलाकडे मागण्यासारखी सबब उरली नव्हती. न्यायाधीश नवे, तरुण होते. त्यांनी लिहिलं होतं की नोंदवही अस्सल आहे, तिच्याबद्दल शंका नाही. परंतु नोंदीतला भुजंग आणि उगले घराण्याचा मूळ पुरुष भुजंग हे एकच, हे शाबीत झालेलं नाही. आडनावाचा उल्लेख नाही, माहितगार साक्षीदार नाही. सबब सत्यशीला हिला दाव्यातून वगळण्यात येते. रामकिसनला निम्मा हिस्सा मिळाला.

जे वाक्य लिहून द्यायला ती नाही म्हणाली होती, ते आता कोर्टाने लिहिलं होतं. वकिलाने अभिनंदन केलं. "मोकळ्या झालात." ती सेहेचाळीस वर्षांची होती. मोकळं होऊन कुठे जायचं, हे आधी ठरवून ठेवायला हवं होतं असं तिला वाटलं.

अंबडच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागायला अवकाश होता. ती कठड्यावर बसली. थोड्या वेळाने समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. रामकिसन होता. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. एक त्याने तिच्यापुढे धरला. इतक्या वर्षांत त्या घरच्या कुणी, सगुणाबाईनंतर, तिला काही खायला-प्यायला दिलं नव्हतं.

तो शेजारी बसला, मध्ये हातभर जागा ठेवून. चहा अर्धा झाल्यावर खाली बघत म्हणाला, "तात्या त्या दिशी जमीन घ्या म्हनले होते. मला तवाच कळलं होतं तुम्ही कोन हाय ते. कान तर मला बी दिसत होते." मग उरलेला चहा संपवून म्हणाला, "तुझ्यापाशी एक मागतो. चुलत बहीन म्हनून मागतो. वरच्या कोर्टात जाऊ नको, बाई. आता माझ्यात दम न्हाई."

सत्यशीला त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू आलं. सगळं हरून झाल्यावर हा शब्द ऐकायला मिळाला होता, तोही भीतीपोटी. तरी तो मिळाला होता.

"नाही जाणार, दादा," ती म्हणाली.

जालन्याची गाडी लागली. गर्दी होती. रामकिसनने खिडकीतून तिच्यासाठी रुमाल टाकून जागा धरली, आणि ती वर चढून बसेपर्यंत तो खाली उभा राहिला.